सासऱ्यांनी निवडलेले पाने

आलापल्लीत माझ्या भरवशाचा मेकॅनिक एकच होता, आणि तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की तो दुकानाला कुलूप लावून घरादारासकट पानं तोडायला जायचा. दारावर खडूनं लिहून ठेवायचा, ‘फळी सुरू आहे.’ फळी म्हणजे तोडलेल्या पानांचे पुडे जिथं मोजून घेतात ती जागा. आपली बंद पडलेली गाडी तोवर कुठं न्यायची, याचा उल्लेख त्या दारावर नसायचा. पान्यांचा माणूस पानांना गेला, असं आम्ही म्हणायचो आणि तो परत येईपर्यंत गाडी जपून चालवायचो.

मी पशुधन पर्यवेक्षक. आलापल्लीच्या आजूबाजूची दहा-बारा गावं माझ्याकडं. गावात मला सगळे डाक्टर म्हणतात, आणि मी आता तो शब्द खोडून काढायचा नाद सोडलाय. माजलेला बैल मी शिंगाला धरून खाली बसवू शकतो. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू सरळ करू शकतो. पण नऊ वर्षं माझ्या बुडाखाली असलेल्या मोटरसायकलच्या पोटात काय आहे, हे मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यावं असंही कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षी पावसाळ्याआधीचं घटसर्प-फऱ्याचं लसीकरण चालू होतं. सकाळीच बर्फाच्या डब्यात लस घेऊन निघालो आणि सागवानातल्या रस्त्यावर, गाव अजून चार-पाच किलोमीटर असताना, चेन उतरली. उतरली म्हणजे नुसती उतरली नाही, चाक आणि दांडीच्या मधे जाऊन अडकून बसली. सीटखाली कंपनीनं दिलेली हत्याराची पिशवी होती. ती मी नऊ वर्षांत पहिल्यांदा उघडली. आत एक पेचकस, एक प्लगचा पाना आणि एक दोन तोंडांचा पाना निघाला. तो पाना मागच्या चाकाच्या नटाला लावून जोर दिला, तर नट जागचा हलला नाही, पान्याचं तोंडच फाकलं. म्हाताऱ्या बैलानं दात दाखवायला तोंड उघडावं तसं.

तेवढ्यात त्याच गावचा एक शेतकरी बैलबंडी घेऊन आला. त्यानं गाडी पाहिली, मला पाहिलं, लसीचा डबा पाहिला.

“बर्फ वितळून राह्यला जी, डाक्टर,” तो म्हणाला. “चढवा बंडीत.”

आम्ही दोघांनी मोटरसायकल उचलून बंडीत आडवी टाकली. मी तिच्या शेजारी डबा मांडीवर घेऊन बसलो. अशा थाटात मी गावात शिरलो तेव्हा समाजमंदिरासमोर सगळं गाव आपापली जनावरं धरून उभं होतं. एका म्हातारीनं बंडीत डोकावून विचारलं, “गाडीलेच घटसर्प झाला काय बापा?”

मागून कोणीतरी म्हणालं, “डाक्टर, मंग पयले तिलेच टोचा!”

त्या दिवशी शंभरावर जनावरं टोचली आणि प्रत्येक जनावराच्या मालकानं तोच विनोद केला. चेन शेवटी त्या बंडीवाल्यानंच कुऱ्हाडीच्या दांड्यानं चाक उचकटून जागेवर बसवली. संध्याकाळी घरी येताना मी ठरवलं, आपण स्वतःची हत्यारं घ्यायची.

आता बायकोबद्दल सांगायला हवं. ती बल्लारपूरची. तिचे वडील तिथल्या कागद कारखान्यात फिटर होते, सगळी उमर मशीनखाली काढून निवृत्त झालेले. ती घरी शिलाई करते. तिच्या शिलाई मशीनच्या खणात वडिलांनी दिलेला एक बोटभर पेचकस असतो आणि त्याला हात लावायची परवानगी मला लग्नापासून मिळालेली नाही. तिला विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सासऱ्यांच्या हुन्नरापुढं हात पसरणं मला जड गेलं. मी मोबाइलवर शोधलं.

मोबाइलवर एकशे आठ नगांचा संच होता. जपमाळेला असतात तेवढे. फोटोत हिरव्या दांडीची काळी पेटी, आत प्रत्येक नगाला त्याच्या आकाराची खोबण, सगळं चांदीसारखं चमकतंय. एवढ्या कमी पैशात एकशे आठ नग म्हणजे विकणारा वेडा असला पाहिजे, असं मला वाटलं. वेडा कोण होता ते पेटी आल्यावर आठवडाभरात कळलं.

पेटी आली त्या दिवशी मी ती ओसरीत उघडून ठेवली. शेजारचे वनरक्षक भाऊ येऊन बघून गेले. त्यांनी एकेक गोटी उचलून पाहिली. गोटी म्हणजे नटावर टोपीसारखी बसते ती, मागून दांडी लावून फिरवायची. “बापा, दातांच्या डाक्टरकडं बी इतकी हत्यारं नसतील,” ते म्हणाले. मला अभिमान वाटला. बायकोनं एक गोटी हातात घेऊन नखानं वाजवली, जागेवर ठेवली आणि आत गेली. ते लक्षण मी ओळखायला पाहिजे होतं.

रविवारी चेन ताणायला बसलो. मागच्या चाकाच्या नटावर गोटी बसवली. थोडी सैल वाटली, पण म्हटलं नवीन आहे. दांडीला एक कळ होती, ती फिरवली की दांडी एका बाजूला पकडते आणि दुसऱ्या बाजूला नुसती कर्र कर्र करत मागे येते, असं पेटीवर चित्र होतं. माझी दांडी दोन्ही बाजूंना कर्र कर्र करायची. मी जोर दिला. मग उभं राहून जोर दिला. मग पाय दिला. टक्क आवाज झाला, गोटी भुईमुगाच्या शेंगेसारखी उभी चिरली आणि माझी चारही बोटांची पेरं सायलेन्सरवर सोलून निघाली.

दुसरी गोटी लावली. ती चिरली नाही, नटच घासला. सहा कोपऱ्यांचा नट बघता बघता गुळगुळीत गोल झाला.

बायको दारात उभी राहून बघत होती. “तिळाचे लाडू वळून राह्यले काय?” तिनं विचारलं.

चेन राहिली बाजूला. पण पेटीचं आणि माझं काहीतरी नाव राहावं म्हणून मी ऑइल बदलायचं ठरवलं. इंजिनाखालचा बोल्ट काढायचा, जुनं ऑइल सोडायचं, बोल्ट लावायचा, नवं भरायचं. यात बिघडण्यासारखं काही नाही. बोल्ट निघाला, ऑइल गळलं, मी खूष झालो. बोल्ट परत लावताना मनात आलं, जंगलातल्या रस्त्यावर हा पडला तर? म्हणून घट्ट केला. मग दांडीला लोखंडी पाइप अडकवून आणखी घट्ट केला. मग आणखी एकदा, आणि त्या वेळी हाताला एकदम हलकं वाटलं. बोल्ट अगदी मऊ, लोण्यासारखा फिरायला लागला. कितीही फिरवा. मला वाटलं, बसला आता.

आतले आटे गेले होते. नवं भरलेलं ऑइल धारेनं अंगणात, आधी सोडलेल्या जुन्या काळ्या ऑइलवर उतरलं. शेजारची पांढरी कोंबडी त्यात पंख फडफडवून न्हाऊन गेली आणि संध्याकाळी वनरक्षक भाऊंची बायको त्या काळ्या कोंबडीला पायानं हाकलत हाकलत आपली पांढरी कोंबडी शोधत होती.

“बाबाले फोन लावते,” बायको म्हणाली.

सासऱ्यांचं आणि माझं बोलणं लग्नापासून दोन वाक्यांचं होतं. मी फोनवर आलो की ते विचारायचे, “पाऊस हाय काय तिकडं?” मी हो किंवा नाही म्हणायचो. मग फोन परत मुलीकडं जायचा. राग नव्हता. त्यांना जनावरांतलं कळत नव्हतं, मला लोखंडातलं कळत नव्हतं, आणि उरलेल्या जगाबद्दल बोलायची दोघांनाही सवय नव्हती. त्या दिवशी मात्र मुलीनं सगळं सांगितल्यावर त्यांनी मला फोनवर बोलावलं.

“आटे गेले काय?”

“हो, मामाजी.”

“पुरे?”

“सगळे.”

त्यांनी विचारलं, “दांडीले पाइप लावला व्हता काय?”

मी कोपऱ्यातल्या पाइपाकडं पाहिलं. “हो.”

“येतो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आले. खांद्याला जुनी खाकी पिशवी, डोक्याला रुमाल. मुलीनं पाणी आणलं ते तसंच हातात धरून ते गाडीपाशी जाऊन उकिडवे बसले. गोल झालेल्या नटावरून अंगठा फिरवला. खालच्या भोकात करंगळी घालून आत चाचपलं. मी अशाच नजरेनं आजारी गाय बघतो हे मला माहीत होतं, म्हणून मी मधे बोललो नाही.

“पेटी आना,” ते म्हणाले.

मी एकशे आठ नग आणून ठेवले. सासऱ्यांनी सतरंजी मागितली आणि परीक्षा सुरू केली. प्रत्येक पाना दुसऱ्या पान्यावर ठोकून ते कान देऊन ऐकायचे, बाजारात बाया मडकं वाजवून बघतात तसं. काही ठण्ण वाजायचे, बाकीचे बद्द. पिशवीतून कानस काढून एकेकाच्या कडेवर हलकेच फिरवायचे. कानस ज्याच्यावरून घसरायची तो उजवीकडं, ज्याचा भुगा पडायचा तो डावीकडं. तासाभरानं उजवीकडं नऊ नग होते.

“हे काई वाईट नाई,” ते नऊ नगांकडं बोट दाखवून म्हणाले.

“आणि बाकीचे?”

त्यांनी नव्व्याण्णव नगांकडं पाहिलं. “पेटी चांगली हाय,” ते म्हणाले. “सुईदोरे ठेवाले होईन.”

बायकोनं तिथल्या तिथं पेटी रिकामी करून नेली. ती अजून वापरते. प्रत्येक खोबणीत एक रीळ बसतं.

मग त्यांनी घासलेला नट छिन्नीनं कोरून उलटा फिरवत काढला. दहा मिनिटं लागली असतील. इंजिनाखालच्या भोकाला मात्र नवे आटे पाडायचे होते. त्यासाठी त्यांनी ग्रीसमध्ये बुडवून फडक्यात गुंडाळलेलं एक हत्यार काढलं, आणि थोडा जाड असा नवा बोल्ट. हत्यार भोकाला लावून अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. परत अर्धा पुढं, पाव मागं. मधेच थांबून बारीक भुगा पुसायचे. सत्तरीच्या जवळ आलेला माणूस, पाठीला बाक, चष्म्याला दोरी. पण हात असे चालत होते की आपण एवढ्या म्हाताऱ्याचे आहोत हे त्यांना ठाऊक नसावं.

बोल्ट बसवून झाल्यावर ते माझ्याकडं वळले. “या गाडीले कोनकोनत्या नंबरचे नट हायेत?”

“वेगवेगळे,” मी म्हणालो.

“गाईले समोरचे दात किती राह्यते जवाईबापू?”

“खाली आठ. वर समोर नसतातच.”

“ते कसं माहीत?”

“ते माहीत असायलाच पाहिजे ना मामाजी. दात बघूनच वय कळतं.”

ते नुसते माझ्याकडं बघत राहिले. आत शिलाई मशीन चालत होती, तीही थांबली. मी उठलो, वही आणली, आणि ते नऊ पाने आणि त्यांच्या पिशवीतले काही घेऊन गाडीभोवती फिरत एकेक नट मोजायला लागलो. आरशाला किती, बॅटरीला किती, ब्रेकला किती. दुपारपर्यंत वही भरली. एवढी मोठी गाडी, तिचे सगळे नट सहा-सात नंबरांत बसले. एकशे आठ नगांत दोन-तीन नंबर असे होते जे माझ्या गाडीत शोधूनही सापडत नव्हते, आणि मागच्या चाकाचा जो सगळ्यात मोठा नट, त्याचा रिंग पाना, म्हणजे नटाला सगळीकडून धरणारा गोल तोंडाचा, त्या पेटीत नव्हताच.

“आता आपन बाजारात जाऊ,” सासरे म्हणाले. “शनिवारी या.”

शनिवारी मी बल्लारपूरला गेलो आणि तिथून आम्ही दोघं चंद्रपूरला. गोल बाजारापासून थोडं आत एक हत्यारांचं दुकान होतं. दुकानदार भला माणूस, पण बोलायची घाई. त्यानं विचारलं, “काय दाखवू भाऊ?” सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढला, काउंटरवर ठेवला आणि गाठ सोडली. आत सहा-सात कोरे नट होते, माझ्या वहीतल्या प्रत्येक नंबरचा एक.

दुकानदारानं आधी सगळ्यात चमकदार पाने काढले. सासऱ्यांनी एकेक पाना आपल्या नटावर बसवून हलवून पाहिला. कानाजवळ धरून हलवला. नट आत किती डुलतो ते बघत होते. डुलला की परत.

“भाऊ, यात थोडी जागा तर राहतेच,” दुकानदार म्हणाला.

“तुमच्या घरच्या दारात जागा राह्यते तर कुलूप लागते काय?”

दुसरा माल आला. तो पण गेला. तिसरा माल महागातला, विलायती नावाचा. तो त्यांनी नटावर बसवला, मान हलवली, आणि परत केला.

“हा तर चांगला बसला मामाजी,” मी म्हटलं.

“चांगलाच हाय. पन हा हरवला तर तुमी आठ दिवस जेवनार नाई. जंगलात हत्यार हरवते.” मग दुकानदाराला म्हणाले, “मिस्तरी लोक घेते तो आना. काळपट.”

दुकानदार हसला आणि आतल्या खोक्यातून काळपट, खरखरीत पाने काढले. पंजाबातले, म्हणाला. नंबर रंगानं छापलेला नव्हता, ठोकून उठवलेला होता. सासऱ्यांनी दोन पाने एकमेकांवर वाजवले. ठण्ण. नटावर बसवले, नट हलेना. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं.

“यात चमक नाही हो,” मी म्हणालो.

“तेलकट हातानं धरायचं हाय. भांग पाडाचा नाई यात पाहून.”

गोट्यांच्या वेळी दुकानदारानं आत बारा कोपरे असलेल्या दाखवल्या. सासऱ्यांनी सहा कोपऱ्यांच्याच मागितल्या. नटाला सहा कोपरे, गोटीला सहा कोपरे, मग भांडण नाही, असं त्यांचं म्हणणं. गोट्यांचा संच घेतला नाही, लागतात त्या नंबरच्या सुट्या घेतल्या. हातोडी कोणतीही चालेल म्हणाले. ऑइल धरायला भांडं विकत घ्यायला निघालो तर हात धरला. “घरी जुनी परात हाय ना?” जुनी परात आहे हे खरं होतं. ती जुनी आहे हे बायकोला मान्य नव्हतं, ते पुढं कळलं.

एका गोष्टीत मात्र मी चकलो. काचेच्या कपाटात एक लांब दांडी होती. बोल्ट किती घट्ट करायचा ते तिच्यावर आधी ठरवून ठेवायचं, तेवढा झाला की ती ‘टक’ करते. मला वाटलं सासरे हिची टर उडवतील. तीस-पस्तीस वर्षं नुसत्या हातानं काम केलेला माणूस. पण त्यांनीच ती काढायला लावली.

“ही घ्या. हिच्यावर पैसा लावा.”

“तुम्ही वापरता का मामाजी?”

“मले नाई लागत. माह्या मनगटाले अकल आली. तुमच्या मनगटाले याची हाय अजून.”

दुकानदारानं तोंड फिरवून हसू लपवलं.

सगळं बांधून झालं, आणि मी एवढ्यात थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला बॅटरीवर चालणाऱ्या त्या पिस्तुलासारख्या यंत्राचा मोह होता. नटावर ठेवून कळ दाबली की घर्रर्र करून नट काढतं. मी हळूच विचारलं. सासऱ्यांनी लगेच विरोध केला. आलापल्लीत लाइन किती वेळ राहते? बॅटरी मेली तर? असल्या यंत्रानं नट कसला म्हणजे आटे परत जाणार. आणि देवानं दोन हात कशाले दिले?

“एकदा बघायला काय हरकत आहे भाऊ,” दुकानदार म्हणाला. तो मुरलेला होता. त्यानं एका लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवलेला मोठा गंजका नट पुढं केला, आणि यंत्र माझ्या हातात न देता सासऱ्यांच्या हातात दिलं.

सासऱ्यांनी ते नाइलाजानं धरलं, नटावर टेकवलं, कळ दाबली. घर्रर्र! नट सुटून काउंटरवर गडगडला.

ते त्या नटाकडं बघत राहिले. मग यंत्राकडं. मग दुकानदाराला म्हणाले, “परत लावा तो.”

तो नट त्या दुपारी पाच वेळा काढला आणि पाच वेळा लावला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, ताटकळून गेलं. मधेच सासरे माझ्याकडं न बघता बोलायला लागले. कारखान्यात असं हवेवर चालणारं यंत्र होतं, पण ते दुसऱ्या खात्याच्या ताब्यात. यांच्या खात्यातल्या फिटरांनी मोठे मोठे नट लांब पान्यावर दोघं-दोघं लोंबकळून सोडवायचे आणि भिंतीपलीकडून त्या यंत्राचा आवाज ऐकायचा. एकदा तरी हातात द्या म्हणून यांनी येणाऱ्या प्रत्येक नव्या साहेबाला विचारलं. निवृत्तीच्या दिवशी नारळ मिळाला, शाल मिळाली, यंत्र काही मिळालं नाही.

“घेऊ का मग?” मी विचारलं.

“तुमच्यासाठी नाई,” ते म्हणाले. “तुमाले अजून शिकाचं हाय.”

आणि स्वतःसाठी घेतलं. खिशातून स्वतः पैसे दिले, मला हात लावू दिला नाही. बल्लारपूरला परत येताना पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, “घरी काई सांगू नका. हत्यारं तुमची हायेत सगळी.”

चारच दिवसांनी सासूबाईंचा मुलीला फोन आला. मी शेजारीच होतो, सगळं ऐकू येत होतं. “काऊन वो, तुह्या बाबाले काई झालं काय? आंघोळीले जाते, कडी लावते, अन् अंदर घर्रर्र घर्रर्र आवाज येते. मी इचारलं तर म्हणते दाढी करून राह्यलो. आता नळाची तोटीच हातात घेऊन बाहेर आले!”

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

त्यानंतर ते यंत्र लपवण्यात अर्थ राहिला नाही. सासरे दर पंधरा दिवसांनी आलापल्लीला यायला लागले आणि सुटण्यासारखे नट शोधत गावभर हिंडायला लागले. वनरक्षक भाऊंच्या ट्रॉलीची चाकं त्यांनी काढून ग्रीस भरून परत लावली. मेकॅनिक फळीवरून परत आला तेव्हा त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागले. तो आधी बिचकला. मग एकदा त्यानं माझ्याकडं मोठा रिंग पाना मागितला, तर सासरेच मधे म्हणाले, “पाना घराबाहेर जाणार नाई. गाडी इथी आना.” तेव्हापासून मेकॅनिकच अधूनमधून गिऱ्हाइकाची गाडी ढकलत आमच्या अंगणात आणतो.

पावसाळा संपल्यावर माझ्या गाडीची चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन्ही दातेरी चक्रं बदलायची वेळ आली. नवा संच आणला. मला वाटलं सासरे करतील. ते खाटेवर बसले.

“तुमी करा.”

“मी?”

“हत्यारं कोनाची हायेत?”

मी पाने मांडले, सुटलेले नट ठेवायला परात घेतली. ती जुनी नसल्याबद्दल घरातून पुन्हा एकदा ऐकून घेतलं. मग कामाला लागलो. मागच्या चाकाचा नट रिंग पान्यात असा बसला की मला दुकानातला तो रुमाल आठवला. एक झटका दिला आणि नट सुटला. पेरं शाबूत. मी विजयानं वर पाहिलं तर सासरे आपले दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून बसले होते. मी चुकीच्या बाजूनं काही लावायला गेलो की त्यांचे खांदे पुढं यायचे, हात सुटायला बघायचे, आणि ते परत हातांवर दाबून बसायचे. बायको दारातून त्यांनाच बघत होती, मला नाही.

“बाबा, चहा,” तिनं कप पुढं केला.

“ठेव तिकडं,” ते म्हणाले. हात काढले असते तर गाडीकडंच गेले असते.

त्यांनी वीस मिनिटांत केलं असतं ते मला सकाळ पुरी लागली. चेनची दोन टोकं जोडणारं कुलूप मी पहिल्यांदा उलटं बसवलं, ते माझं मलाच दिसलं आणि मी सुलटं केलं. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा श्वास सोडल्यासारखं केलं. शेवटी ती लांब दांडी नटावर लावली. फिरवत गेलो. पाइपाची आठवण झाली, हात अजून थोडं म्हणत होता. तेवढ्यात ‘टक’ झालं आणि मी थांबलो.

“बस,” सासरे म्हणाले आणि थंड झालेला चहा एका घोटात प्यायले.

मग मी त्यांना म्हटलं, चला, एक चक्कर मारून येऊ. ते आजवर माझ्या मागं कधी बसले नव्हते. कुठं जायचं असलं की बस बरी म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी रुमाल कानावरून गच्च बांधला आणि बसले. गाडी अशी निघाली की चेनचा आवाजच नाही. सागवानाची पानं उन्हात चमकत होती, रस्ता मोकळा होता. गाव मागं पडल्यावर ते माझ्या कानाशी काहीतरी म्हणाले. वाऱ्यात ऐकू आलं नाही. मी मान हलवली. ते परत म्हणाले, जरा मोठ्यानं. मला वाटलं, कौतुक करतायत. इतक्या वर्षांत या माणसानं मला पावसाशिवाय काही विचारलं नव्हतं, आणि आज माझ्या हातचं काम बघून त्याला राहवत नाहीये. मी हात मागं नेऊन त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि ओरडून म्हणालो, “सगळं तुमच्यामुळं, मामाजी!”

त्यांनी माझ्या खांद्यावर जोरात गुद्दा मारला. मी गाडी थांबवली.

“साइड स्टँड!” ते ओरडले. “साइड स्टँड वर करा म्हणून मघापासून बोंबलून राह्यलो! पडलो असतो ना दोघंबी वळनावर!”

मी खाली पाहिलं. स्टँड रस्त्याच्या दिशेनं सरळ पसरलेला होता. मी तो पायानं वर केला. पुलापर्यंत जाऊन परत येईस्तोवर सासरे मागं पुटपुटत राहिले. पण घरी आल्यावर मुलीनं विचारलं, कशी काय चालली गाडी, तेव्हा ते पिशवी आवरता आवरता म्हणाले, “गाडी बराबर हाय. चालवनाऱ्याचं पाहावं लागन.”